डोंगरावरचें घर आणि एक पावसाळा

घर बांधून पुरें होतें तो दिवस आणि तें राहावयास योग्य होतें तो दिवस, हे दोन दिवस एक नव्हेत. सपाटीवरील शहरांत या दोन दिवसांमधील अंतर थोडें असतें. गवंडी गेला, सुतार गेला, रंगारी गेला, कीं मालक आंत येतो आणि चार दिवसांत तेथें रुळतो. डोंगरावर मात्र त्या दोन दिवसांच्या मध्यें एक संपूर्ण पावसाळा उभा असतो. तो ओलांडल्याशिवाय घराची खरी ओळख होत नाहीं. आणि ओळख होण्यापूर्वीं जें कुटुंब आपलें सारें बिऱ्हाड वर नेतें, त्याला ती ओळख फार महागांत पडते.

इचलकरंजीसारख्या गांवांत हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं येथें पहिला यंत्रमाग चालू केला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनीं या धंद्याला आश्रय दिला, तेव्हांपासून हें गांव मागांच्या तालावर जगत आलें आहे. २०२२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. वस्ती दाटली, रात्रंदिवस मागांचा खडखडाट वाढला, पाण्याची चिंता वाढली. २०१२ सालच्या काविळीच्या सांथीनें पिण्याच्या पाण्याविषयीं मनांत जें भय बसलें, तें पुरतें गेलें नाहीं. आणि २०१९ व २०२१ या दोन वर्षीं पंचगंगेचा पूर सखल वस्तींत शिरलेला लोकांनीं डोळ्यांनीं पाहिला. अशा स्थितींत, मुलें हाताशीं आलीं, चार पैसे गांठीला पडले, म्हणजे पन्हाळ्याच्या बाजूस, गगनबावड्याकडे अगर आजऱ्याच्या पलीकडे कोठें तरी डोंगराच्या अंगावर लहानसें घर असावें, असें मध्यम स्थितींतील गृहस्थास वाटूं लागलें, तर त्यांत नवल नाहीं. हें नातें नवेंही नाहीं. जहागिरीच्या काळांत इचलकरंजीचा एक भाग दूर सह्याद्रीच्या कडेला आजऱ्याकडेच होता. सपाटीवरील कारभाराला डोंगराचा पावसाळा तेव्हांही ठाऊक असावाच लागे.

परंतु ठाऊक असणें निराळें आणि अंगावर घेणें निराळें. कोल्हापूर जिल्ह्याच्या एकाच नकाशावर पावसाची जेवढी तफावत आहे, तेवढी फार थोड्या जिल्ह्यांत सांपडेल. पूर्वेस शिरोळच्या बाजूला वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास. पश्चिमेस गगनबावड्यास तो दोनशें इंचांच्या आसपास. म्हणजे इचलकरंजीचा मनुष्य जेव्हां पश्चिमेच्या डोंगरावर घर बांधतो, तेव्हां तो मोटारीनें कांहीं तासांचा प्रवास करतो, पण पावसाच्या दृष्टीनें परदेशांत जातो. ज्या गवंड्यानें त्याचें गांवांतील घर उत्तम बांधलें, तोच गवंडी तेथें चुकण्याचा संभव असतो. त्याच्या हातीं कसब नसतें असें नव्हे, परंतु तें कसब वीस इंचांच्या पावसाचें असतें.

डोंगरावरील राहणीच्या अडचणी पूर्वीच्या राज्यकर्त्यांनींही अनुभवल्या होत्या. अठराव्या शतकाच्या आरंभीं महाराणी ताराबाईंनीं पन्हाळा ही राजधानी केली. युद्धाच्या काळांत तो गड हें मोठेंच बळ होतें. पुढें १७८२ सालीं राजधानी गडावरून खालीं कोल्हापुरास आली. शत्रूला अडविणारी जागा आणि रोजचा संसार चालविणारी जागा या एकच असतात असें नाहीं, हा त्यांतला बोध आहे. आज उलट दिशेनें, म्हणजे खालून वर, बिऱ्हाड नेऊं पाहणाऱ्या कुटुंबानें त्याचा विचार अवश्य करावा.

आतां अशा एखाद्या कुटुंबाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या उठल्या आहेत. कौलें चढलीं आहेत. पैसा बराचसा संपला आहे आणि कामें मात्र संपलेलीं नाहींत. गृहस्थाचा धंदा गांवांत, मुलांच्या शाळा गांवांत. म्हणून दर आठवड्यास सुटीचे दोन दिवस वर जावयाचें, शक्य तेवढें काम स्वतःच्या हातांनीं करावयाचें आणि खालीं परतावयाचें, असा क्रम सुरू होतो. आरंभीं त्यांत मोठा उत्साह असतो. डब्यांतून भाकरी, झुणका आणि ठेचा जातो, मुलें दगड वेंचतात, आजी ओसरीवर बसून देखरेख करते. चार महिने लोटले म्हणजे असें दिसून येतें कीं, सुरू झालेलीं कामें बारा आहेत आणि पुरीं झालेलीं तीन. दोष आळसाचा नसतो. कोणतें काम आठवड्याच्या सुटीचें आणि कोणतें नव्हे, हा भेद आरंभीं केलेला नसतो.

या बाबतींत एक साधा नियम उपयोगी पडतो. जें काम शनिवारीं सुरू करून रविवारीं संध्याकाळीं पुरें होईल, किंवा जें अर्धवट राहिलें तरी सहा दिवस उघड्यावर सुरक्षित राहील, तेंच सुटीचें काम. फळ्या ठोकणें, खिडक्यांना जाळी बसविणें, लांकडाला तेल-पाणी देणें, आवारांतील गडग्याचे ढळलेले दगड रचणें, वाफे करणें, टांकी घासून धुणें, हीं सुटीचीं कामें. सिमेंटचा गिलावा हें सुटीचें काम नव्हे. कारण गिलावा केल्यावर किमान सात दिवस तो ओला ठेवावा लागतो, आणि मालक तर दुसऱ्याच दिवशीं खालीं निघून जातो. एप्रिलच्या उन्हांत, डोंगरावरील कोरड्या वाऱ्यांत, पाण्यावांचून पडलेला गिलावा आठवड्याभरांत केसासारख्या भेगांनीं भरून जातो, आणि त्याच भेगांतून जुलैमध्यें ओल आंत येते. तसेंच कौलें उतरवून छपराची दुरुस्ती करणें हेंही सुटीचें काम नव्हे. उघडें छप्पर आणि वळवाचा पाऊस यांची गांठ पडावयास एक संध्याकाळ पुरते. हीं कामें त्याच गांवच्या गवंड्याकडे व सुताराकडे सलग सोंपवावीं, आणि रोज पाणी मारणाऱ्या मनुष्याची मजुरी ही उधळपट्टी समजूं नये.

कामांचा दुसरा क्रम पावसानें ठरविलेला असतो. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागतें. त्याच्या आधीं काय झालें पाहिजे आणि काय नंतर झालें तरी चालेल, हें कागदावर मांडावें. बहुतेक कुटुंबें याच्या उलट करतात. दिवाणखान्याचा रंग आधीं होतो आणि घरामागचा चर राहून जातो. रंगानें पाहुणे प्रसन्न होतात हें खरें. परंतु घर उभें राहतें तें चरामुळें.

कारण डोंगरावर घराला पहिला धोका आकाशांतून पडणाऱ्या पाण्याचा नसून मागच्या उतारावरून आणि जमिनीच्या पोटांतून येणाऱ्या पाण्याचा असतो. घरासाठीं उतार कापून सपाट जागा केलेली असते. म्हणजे मागच्या बाजूस मातीचा उभा कडा तयार होतो. पावसाचें पाणी त्या मातींत मुरतें, तिचें वजन वाढतें आणि तिची धरून राहण्याची शक्ति कमी होते. ३० जुलै १९१४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशें माणसें गेलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांत इर्शाळवाडीवर तोच प्रसंग आला. दोन्ही वेळां महिना जुलै होता, आणि दोन्ही वेळां आधीं संततधार लागलेली होती. म्हणून घराच्या वरच्या अंगास, कड्यापासून कांहीं अंतरावर, उताराला आडवा असा चर खणून त्याचें पाणी दोन्ही बाजूंनीं दूर काढून द्यावें. मागें दगडी भिंत घातली असेल तर तिच्यांत पाणी बाहेर पडावयास छिद्रें ठेविलेलीं असावींत. छिद्रांवांचून भिंत म्हणजे पाणी कोंडणारें धरणच होय. वरची झाडें तोडूं नयेत. आणि कड्याला भेग दिसली, झाडें कललेलीं दिसलीं, किंवा नेहमींचा झरा एकाएकीं गढूळ झाला, तर सामान न पाहतां माणसांनीं घर सोडावें. चर खणणें हें मात्र खरोखर सुटीचें काम आहे. चार सुट्यांत दोन माणसें तें पुरें करूं शकतात.

दुसरा धोका वाऱ्याबरोबर येणाऱ्या पावसाचा. सपाटीवर पाऊस वरून पडतो. घाटमाथ्यावर तो आडवा येतो. पश्चिमेकडील वारा पाण्याची झड भिंतीवर दिवसेंदिवस मारीत राहतो. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळें तो पाणी पितो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर आंतून ओलीचे नकाशे उमटतात. यावर जुना उपाय दोन प्रकारचा आहे. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून भरपूर पुढें काढाव्या, आणि पावसाळ्यापुरतें पश्चिमेच्या भिंतीला गवताचें किंवा झावळ्यांचें आवरण बांधावें. आज पत्र्याचें किंवा प्लास्टिकचें आवरणही लोक लावतात. घर शोभिवंत दिसत नाहीं, परंतु आंतील भिंत कोरडी राहते. मंगलोरी कौलांच्या छपरांत आढ्यावरील कोने आणि दोन उतार मिळतात ती पन्हळ, या दोन जागा वळवाच्या पहिल्या सरींत आंत उभें राहून पाहाव्या. वळीव हा छपराचा फुकटचा परीक्षक आहे. त्याच्या वेळीं घरांत माणूस असणें एवढीच त्याची फी.

दारें-खिडक्यांविषयीं एक गोष्ट पुष्कळांस उशिरा कळते. लांकूड ओल घेतें तेव्हां तें लांबींत वाढत नाहीं, रुंदींत वाढतें. मे महिन्यांत जें दार चौकटींत अगदीं नेमकें बसलेलें दिसतें आणि सुताराचें कौतुक होतें, तेंच जुलैमध्यें उघडत नाहीं. मग घाईनें रंधा मारला जातो, आणि डिसेंबरांत त्याच दारांतून बोटभर फट राहून थंड वारा येतो. म्हणून दारांना आरंभींच थोडी सूट ठेवावी, वरच्या व खालच्या कडांनाही तेल किंवा रंग द्यावा, आणि शेवटचा रंधा एक पावसाळा पाहिल्यावर मारावा. भिंतींचा आंतील रंगही तसाच. नवी भिंत आपल्या पोटांतील पाणी सोडीत असतां तिच्यावर जाड रंग चढविला, तर तो पुढल्या वर्षीं पापुद्र्यांनीं गळून पडतो. पहिल्या वर्षीं साधा चुना पुरे.

जेथें दोनशें इंच पाऊस पडतो, तेथें पाण्याची टंचाई असेल हें सपाटीच्या माणसास खरें वाटत नाहीं. परंतु डोंगर पाणी धरीत नाहीं आणि मार्च-एप्रिलांत झरे आटतात. पन्हाळ्यावर अंधारबावीसारख्या विहिरी ज्यांनीं बांधल्या, त्यांना हें पक्कें ठाऊक होतें. म्हणून छपराचें पाणी धरणारी झांकलेली टांकी हा घराचा भाग समजावा. ती मागाहून करावयाची सोय नव्हे. त्याच गडावर गंगा, यमुना, सरस्वती या नांवांचीं प्रचंड धान्यकोठारें आहेत. त्यांच्या घुमटाकार छतांना भोंकें असून धान्य वरून आंत ओतलें जाई. संसार लहान असला तरी तत्त्व तेंच आहे. धान्याची कणगी किंवा डबे जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर आणि घट्ट झांकणाचे असावेत. जून ते सप्टेंबर या काळांत रस्ता कधीं बंद होईल याचा नेम नसतो. जुलै २०२१ मध्यें पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला आणि वाहनांची ये-जा थांबली होती. तेव्हां पंधरा दिवसांचें धान्य, गॅसचा दुसरा सिलिंडर, कोरडीं लांकडें आणि नेहमींचीं औषधें घरांत असणें ही चैन नसून गरज आहे.

पन्हाळ्यासारख्या स्थळीं आणखी एक पाहणें अवश्य असतें. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे, आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीशिवाय कांहीं बांधतां येत नाहीं. २०१० सालच्या दुरुस्तीनें हें कायद्यांत स्पष्ट झालें. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत पन्हाळा आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. तिच्याबरोबर कागदपत्रें चोख ठेवण्याची जबाबदारीही आली. एखादी खोली, एखादा पत्र्याचा आडोसा सुटीच्या दिवशीं सहज उभारतां येतो, आणि तो उतरविण्याची नोटीसही तितक्याच सहज येते.

असें सारें करून पहिला पावसाळा येतो. बहुतेक कुटुंबें या चार महिन्यांत वर जाणें थांबवितात. वास्तविक हाच काळ वर जाण्याचा आहे. रस्ता सुरक्षित असेल अशा सुटींत जावें, एक रात्र काढावी, आणि घरांत एक वही ठेवावी. कोणत्या कोपऱ्यांत थेंब पडतो, कोणत्या भिंतीवर ओल किती उंच चढते, वीज किती वेळ जाते, शेजाऱ्याची हांक ऐकूं येते कीं नाहीं, दूध कोण आणतो, दवाखान्यास पोंचावयास पावसांत किती वेळ लागतो, हें सारें तारीख घालून लिहावें. आठ-दहा नोंदींची ती वही पुढें गवंड्याला, सुताराला आणि घरांतील वडील माणसांना जें सांगेल, तें कोणत्याही वास्तुविशारदाच्या नकाशांत नसतें.

बिऱ्हाड हलविण्याची तयारी याच काळांत खालच्या घरीं करावयाची असते. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारांत सामान सांचतें; वर नवें घर लहान असतें. दर आठवड्यास एक कपाट, एवढेंच प्रमाण ठेवावें. ओलीनें बिघडणाऱ्या वस्तू वेगळ्या काढाव्या. पुस्तकें, लोंकरी कपडे, चामड्याच्या वस्तू, जुनीं छायाचित्रें यांना बुरशी फार लवकर धरते. गायनाचार्य बाळकृष्णबुवांच्या नांवाशीं ज्या गांवाचें नांव जोडलेलें आहे, तेथें एखाद्या घरांत तंबोरा असणारच. दमट हवेंत त्याचा भोपळा व तबल्याचें पान दोन्ही बिघडतात, म्हणून वाद्यें शेवटच्या खेपेस, कोरड्या दिवसांत न्यावीं. जड फडताळें वर न्यावयाचीं कीं द्यावयाचीं, हें त्यांचें माप आणि नव्या दारांचें माप ताडून आधींच ठरवावें.

परंतु सामानापेक्षां माणसें हलविणें कठीण. ज्या आजीनें चाळीस वर्षें एकाच आळींत काढलीं, तिला डोंगरावरील स्वच्छ हवा मिळेल. पण संध्याकाळीं ओट्यावर येऊन बसणाऱ्या तिच्या बरोबरीच्या बायका मिळणार नाहींत. ज्या गृहस्थाचा दिवस मागांच्या आवाजानें उगवला, त्याला पहिले आठ दिवस शांतता गोड लागेल आणि नवव्या दिवशीं ती अंगावर येईल. घरांतील गृहिणीचें काम तर दुप्पट होण्याचा संभव असतो. कपडे वाळत नाहींत, मोलकरीण मिळत नाहीं, आणि पाहुणे मात्र हवा पालटण्यास येतच राहतात. म्हणून वर जावयाचें कीं नाहीं, हा निर्णय एकट्या कर्त्या पुरुषाचा असूं नये. ज्यांना तेथें दिवसाचे चोवीस तास काढावयाचे आहेत, त्यांचें मत सुटीपुरतें येणाऱ्यापेक्षां अधिक वजनाचें मानावें.

येथें पैशाचा प्रश्न उभा राहतो, आणि खरा पेंच तोच आहे. वरचें घर पुरें करण्यास शेवटचे कांहीं लाख कमी पडतात, आणि खालचें घर विकून टाकावें असा मोह होतो. गिऱ्हाईक दारांत उभें असतें. दोन घरें संभाळण्याची ऐपत सर्वांची नसते, हेंही खरें. तरीसुद्धां एक पावसाळा आणि एक हिवाळा वर काढल्याखेरीज खालचें घर विकूं नये. भाड्यानें द्यावें, अर्धें द्यावें, वरचीं दोन खोल्यांचीं कामें पुढील वर्षावर टाकावीं. पण परतीची वाट मोडूं नये. वरचें घर अपुरें असलें तर तें पुढें पुरें होतें. खालचें घर गेलें, आणि आजीचा दम वाढला किंवा धंद्यानें पुन्हा खालीं बोलाविलें, तर तेवढ्या पैशांत तें परत मिळत नाहीं.

आपल्या पंचांगानें या कामीं मोठी सोय करून ठेवली आहे. साडेतीन मुहूर्तांपैकीं अक्षय्य तृतीया पावसाच्या आधीं येते आणि विजयादशमी बहुधा पाऊस ओसरतांना. ज्यांना वास्तुशांतीची घाई आहे, त्यांनीं ती अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उरकून घ्यावी. चार आप्तांस जेवूं घालावें, देवापुढें दिवा लावावा आणि कुलूप घालून खालीं यावें. मधले चार महिने घराची परीक्षा होऊं द्यावी. दसऱ्याला सोनें लुटून झाल्यावर, वहींतील नोंदींप्रमाणें दुरुस्त्या करून, मग पहिली गाडी भरावी. त्या वेळीं भिंती कोरड्या होत असतात, रस्ते मोकळे असतात, रानांत गवत पिवळें पडूं लागतें, आणि पुढचे आठ महिने घर माणसांशीं प्रेमानें वागतें. तेवढ्या अवधींत माणसें घराला आणि घर माणसांना संवयीचें होतें. मग दुसरा पावसाळा आला तरी त्याचें भय राहत नाहीं.